घेतलं म्हणेपर्यंत

बुधवारी सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी भिवाजीच्या कमरेच्या पट्ट्यावरचा हात सुटला. त्या वेळी तो पलंग आणि चाकांची खुर्ची यांच्यामध्ये टाकलेल्या लाकडी फळीवर होता. निम्मा इकडे, निम्मा तिकडे. वेळेबद्दल शंका नव्हती, कारण समोरच्या भिंतीवर घड्याळ होतं आणि सरकताना पायांकडे न बघता समोर बघायचं, हे त्याला शिकवलेलं होतं. फळी खडखडत फरशीवर गेली. ढुंगणाची एक बाजू खुर्चीच्या कडेवर आदळली, आणि ज्या उजव्या पायावर सहा आठवडे भार टाकायचा नव्हता तो पाय टाचेसकट जमिनीला लागला. खुब्यातून जांघेत एक कळ उतरली. तो पडला नाही. त्याच्या बायकोनं, कमलबाईनं, आपला गुडघा त्याच्या गुडघ्याला लावला, पट्टा दोन्ही हातांनी पुन्हा धरला आणि त्याला खुर्चीत रेटलं. सगळं मिळून पाच-सहा सेकंद.

"लागलं का?"

"हात काहून सोडला?"

"तुमीच म्हणले की, घेतलं."

"म्या?"

"तुमी. म्या ऐकलं."

तिनं फळी उचलली, पदरानं पुसली, दाराआड उभी केली आणि चहा टाकायला आत गेली. स्टोव्हवर भांडं ठेवल्याचा आवाज आला, मग साखरेच्या डब्याचं झाकण. रोजच्यासारखेच आवाज, रोजच्याच क्रमानं. भिवाजीला ते खटकलं. एवढं झाल्यावर बाईच्या हातून निदान झाकण तरी पडायला हवं होतं.

त्यानं तपास सुरू केला. आधी उजव्या चाकाचा ब्रेक, मग डाव्या. दोन्ही ओढलेले होते, हातानं हलवून पाहिलं तरी चाक सरकत नव्हतं. खुर्चीची पलंगाकडची बाही काढलेली होती, ती पलंगाच्या पायथ्याशी ठेवलेली दिसत होती. खुर्चीचं चाक फरशीच्या तिसऱ्या सांध्यावर होतं, म्हणजे जिथं असायला हवं तिथंच. पट्टा कमरेला बरोबर बसलेला. आत दोन बोटं जातील एवढीच जागा. फळीवर पाणी नव्हतं, तेल नव्हतं, अंगावर सुती पायजमा होता. एकेक गोष्ट त्यानं बाजूला काढून ठेवली. पोत्यात माल कमी भरला की मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, असंच शोधायचे: आधी काटा, मग पोतं, मग शिवण, आणि सगळं बरोबर निघालं की शेवटी माणसाकडे बघायचं. इथंही सगळं बरोबर निघालं होतं. राहिला हात.

तीन आठवड्यांपूर्वी हिंगोलीतल्या याच घरात, न्हाणीच्या उंबऱ्यावर, तो घसरला होता. नांदेडला नेलं, खुब्याचा गोळा बदलला. गोळा बसवताना खालच्या हाडाला चीर दिसली म्हणून डॉक्टरांनी त्याला तार गुंडाळली आणि त्या पायावर भार बंद केला. दुसरं कुणी असतं तर एका पायावर उभं राहून वॉकर धरला असता. पण भिवाजीचा उजवा खांदा चौतीस वर्षांच्या हमालीत झिजून गेला होता, त्यावर अंगाचा भार पेलवत नव्हता. म्हणून फळी आणि पट्टा. फळी दोन-अडीच फुटांची, गुळगुळीत, दोन्ही टोकांना निमुळती. पट्टा नवारीसारखा जाड, त्याला बाजूनं धरायच्या कड्या. पहिल्या दिवशी भिवाजीनं त्याची शिवण नखानं खरवडून पाहिली होती. व्यायाम शिकवायला येणारी पल्लवी हसली होती. "काका, दोनशे किलोचा माणूस उचलला तरी तुटत नाही." तो म्हणाला होता, "पट्टा तुटत नसते, बाई. धरणारा तुटते."

पल्लवी हिंगोलीचीच, सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची, जयभीम घालून घरात शिरायची आणि पहिल्यांदा हात धुवायची. तिनं कमलबाईला सगळं बारकाईनं शिकवलं होतं. फळी मांडीखाली तिसरा हिस्सा तरी गेली पाहिजे. काखेत हात घालून ओढायचं नाही, कड्यांत खालून हात घालून धरायचं. काकांनी फळीची कड मुठीत धरायची नाही, बोटं चेंगरतात. पुढं जास्त वाकायचं नाही, पाय आत वळवायचा नाही, पायावर पाय नाही. एका वेळी चार बोटं सरकायचं, पुन्हा थांबायचं. आणि पाठ खुर्चीच्या पाठीला लागेपर्यंत पट्टा सोडायचा नाही. मग तिनं पट्टा कमलबाईच्या कमरेला बांधून तिलाच फळीवरून सरकवलं होतं, कसं वाटतं ते कळावं म्हणून. कमलबाई मध्यावर गेली तेव्हा तिच्या तोंडाकडे भिवाजीनं पाहिलं होतं. पोहायला शिकवताना लेकराला पहिल्यांदा विहिरीत सोडलं की होतं तसं तिचं तोंड झालं होतं. म्हणजे मध्यावर हात सुटला तर काय होतं, हे तिला ठाऊक होतं. ठाऊक नसलेल्या बाईच्या हातून सुटला असता तर गोष्ट वेगळी होती.

'घेतलं' हा शब्द पल्लवीनं शिकवलेल्यांपैकी नव्हता. तो मोंढ्यातला होता. पोत्यांच्या थप्पीवर एक जण उभा राहतो, खाली एक जण पाठ वाकवून. वरचा लोखंडी आकड्यानं पोतं ओढतो, कडेला आणतो आणि खालच्याच्या पाठीवर उतरवतो. पण सोडत नाही. खालच्याला वरचा दिसत नाही, वरच्याला खालच्याचं तोंड दिसत नाही. खालचा पाय रोवतो, भार मणक्यावर बरोबर आला की म्हणतो, "घेतलं." मग वरचा आकडा काढतो. त्याआधी नाही. भिवाजीनं चौतीस वर्षांत हा शब्द किती वेळा म्हटला असेल याचा हिशोब नव्हता. रात्री झोपेतही तो म्हणायचा, असं कमलबाई सांगायची. नवीन लग्न झालं होतं तेव्हा ती हसायची, म्हणायची, "मोंढा घरी आणू नका."

आज सकाळी तो तसं म्हणाला असेल का? भार डाव्या हातावर आला होता, खुर्चीची बाही मुठीत आली होती, तेवढं आठवत होतं. घड्याळाचा काटा आठवत होता. कमलबाईच्या बांगड्यांचा आवाज आठवत होता. स्वतःचा आवाज आठवत नव्हता. माणूस सगळं ऐकतो, स्वतःला ऐकत नाही. पण म्हणून दुसऱ्यानं सांगावं आणि आपण मानावं, असंही नाही. विशेषतः तिनं शेवटी जे म्हटलं होतं ते. "म्या ऐकलं." हे दोन शब्द त्यानं तिच्या तोंडून, याच स्वरात, पूर्वी एकदा ऐकले होते. एकदाच. खुब्याच्या कळेपेक्षा ते आत खोल गेले होते.

नऊला रत्नपालचा फोन आला. मुलगा नांदेडला कॉलेजच्या कार्यालयात होता. रोज या वेळी फोन करायचा. कमलबाई फोन घेऊन परसात गेली. एरवी ती इथंच, पलंगाच्या कडेला बसून बोलायची. भिवाजीनं कान दिला. पाण्याच्या टाकीत नळ चालू होता, त्यातून तुकडे येत होते. "...न्हाई, बरं हाय... खाल्लं, उप्पीट... न्हाई रे, काही न्हाई झालं." हे शेवटचं तिनं दोनदा म्हटलं. रविवारी रत्नपाल येऊन गेला होता, तेव्हा उंबऱ्याबाहेर चपला घालता घालता आईला म्हणाला होता, की नांदेडला एक जागा आहे, अशा पेशंटला ठेवून घेतात, बाया असतात, सगळं करतात. तुला जमत नसेल तर सांग. भिवाजीनं ते ऐकलं होतं. झालेलं सांगितलं तर रत्नपाल त्याला तिकडं नेणार, हे उघड होतं. मग तिनं का सांगितलं नाही? त्याला घरात ठेवायला? की स्वतःचा हात झाकायला? दोन्हींचा आवाज सारखाच येतो. "काही न्हाई झालं."

तिनं 'म्या ऐकलं' पहिल्यांदा म्हटलं ते वर्ष नक्की सांगता येतं, कारण रत्नपाल तेव्हा दुसरीत होता. एकतीस वर्षं झाली. एप्रिल महिना, हळदीचा हंगाम, मोंढ्यात पाय ठेवायला जागा नव्हती. भिवाजी थप्पीवर होता, खाली उत्तमराव. उत्तमराव कुरुंद्याचा, तीन एकर कोरडवाहू, चार महिने शेती आणि बाकी हमाली. अंगानं भिवाजीपेक्षा उजवा. टोळीत सगळे एकमेकांना नावानंच हाक मारत, पण उत्तमरावाला 'राव' होतं आणि भिवाजीतला 'जी' कुणी उच्चारत नव्हतं. त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं. भिवाजीलाही रोज वाटत नव्हतं. दोघांनी सात वर्षं एकाच थप्पीवर काम केलं होतं, एकमेकांच्या बिडीवर बिडी पेटवली होती. त्या दिवशी बाराच्या सुमाराला कमलबाई डबा घेऊन आली आणि पत्र्याच्या शेडखाली उभी राहिली. उत्तमरावानं वाकल्या वाकल्या तिला पाहिलं आणि मोठ्यानं म्हणाला, "ए भिव्या, बायको बघून राहिली. आज तरी हात चालव मर्दासारखा." दोन-चार जण हसले. त्यात वाईट काही नव्हतं, तो रोज याहून वाईट बोलायचा. भिवाजीनं पोतं कडेला आणलं, उत्तमरावाच्या पाठीवर उतरवलं. आणि मग आकडा निघाला.

इथपर्यंत सगळं स्वच्छ होतं. यापुढचं त्यानं इतक्या वेळा उलटसुलट केलं होतं, की आता त्यातलं आठवलेलं कोणतं आणि रचलेलं कोणतं, ते सांगता येत नव्हतं. हाताला एकदम हलकं वाटलं, ते खरं. ते हलकेपण अजून उजव्या तळहातात होतं. त्याआधी खालून शब्द आला होता का? पोतं तिरपं गेलं, उत्तमराव डाव्या अंगावर कोसळला, क्विंटलभराची हळद त्याच्या कमरेवर. तो ओरडला नाही. नुसतं तोंड उघडं. माणसं धावली. टोळीचा मुकादम भावसिंग, त्याचा शब्द मोंढ्यात चालायचा, त्यानं तिथंच विचारलं, "उत्तमराव, तू घेतलं म्हणलास का?" उत्तमराव जमिनीवरून म्हणाला, "म्या न्हाई म्हणलो." भावसिंगनं वर पाहिलं. भिवाजी थप्पीवर उभा, हातात आकडा. आणि शेडखालून, डबा कडेवर घेतलेली कमलबाई म्हणाली, "उत्तमराव घेतलं म्हणले. म्या ऐकलं."

तेवढ्यावर मिटलं. बाईमाणसानं, तेही बघणारीनं, एवढ्या माणसांत सांगितलं म्हटल्यावर कुणी पुढं विचारलं नाही. उत्तमराव सात महिने पडून होता. मग काठीवर आला, वारंगा फाट्यावर पानटपरी टाकली. भिवाजी दोनदा त्याच्याकडे गेला. उत्तमरावानं दोन्ही वेळा पान लावून दिलं, पैसे घेतले नाहीत आणि तोंडाकडे पाहिलं नाही. कमलबाईला भिवाजीनं कधी विचारलं नाही. शेड थप्पीपासून चाळीस पावलं, हे त्यानं पुढं एका रिकाम्या दुपारी चालून मोजलं होतं. शेडला लागून हळद पॉलिश करायचा ढोल होता. ढोल चालू असला की शेजारच्याचं बोलणंसुद्धा कानाशी तोंड नेल्याशिवाय कळत नाही. त्या वेळी तो चालू होता की बंद? हवेत पिवळी धूळ होती, हे त्याला आठवत होतं. कमलबाईच्या पापण्यांवर होती. पण एप्रिलमध्ये ती धूळ ढोल बंद असतानाही तासभर खाली बसत नाही. उत्तमरावाचा टोमणा सगळ्यांना ऐकू गेला होता, म्हणजे ढोल बंद असावा. पण उत्तमरावाचा आवाज मोठा होता. आणि टोमणा आणि पोतं यांच्यामध्ये ढोल चालू करायला एक माणूस, एक बटण, एवढंच लागतं.

तीन वर्षांपूर्वी उत्तमराव वारला. भिवाजी तिसऱ्या दिवशी कुरुंद्याला गेला होता. उत्तमरावाची बायको द्वारकाबाई ओट्यावर बसली होती. तिनं त्याला ओळखलं, पाणी आणून द्यायला सांगितलं आणि थोड्या वेळानं, रडता रडता थांबल्यासारखं करून, म्हणाली, "भाऊजी, शेवटपर्यंत म्हणून राहिले व्हते बघा. म्या म्हणलो न्हवतो, म्या म्हणलो न्हवतो." तिच्या आवाजात आरोप नव्हता. तो असता तर बरं झालं असतं.

साडेअकराला कमलबाई पदर खोचून समोर आली.

"चला, पलंगावर घेते."

"बरं हाय इथं."

"पाच घंटे झाले बसून. पाय बघा कसा सुजून राहिला. पल्लवीबाईनं एका घंट्यावर बसायचं न्हाई म्हणलं."

"येऊ दे पल्लवीबाईला."

"ती चारला येती. म्हंजे माझा हात नको तवर."

"म्या तसं म्हणलो का?"

"तुमी काय म्हणता ते तुमाला तरी ठाऊक ऱ्हाते का?"

ती हसली नाही. लघवीची बाटली आणून दिली, तोंड फिरवून उभी राहिली, बाटली घेऊन गेली. उजव्या पायाखाली उशी सरकवताना मात्र तिनं पाऊल दोन्ही हातांत असं धरलं, की पाय आत वळू नये. जसं शिकवलं होतं अगदी तसं. भिवाजी तिच्या बोटांकडे बघत राहिला. ही बोटं चुकणारी नव्हती. पंधरा दिवस, दिवसातून चार-चार वेळा, तिनं पट्टा धरला होता आणि एकदाही सैल सोडला नव्हता. मग त्याला सोमवार आठवला. सोमवारी पल्लवीसमोर तो गमतीनं म्हणाला होता, "हिला साधी घागर धरता येईना, पट्टा काय धरती!" पल्लवी हसली होती. कमलबाई कड्यांत हात घालून तशीच उभी होती. तेव्हा तिनं त्याच्याकडे पाहिलं नव्हतं, खिडकीकडे पाहिलं होतं. आज सकाळी हात सुटला तेव्हाही ती खिडकीकडेच बघत होती का? त्याला वाटलं, हो. मग वाटलं, आपण आता तिला खिडकीकडे बघायला लावतोय. माणसानं चारचौघांत टोमणा मारावा, ऐकणाऱ्यानं काही बोलू नये, आणि मग भार मध्यावर असताना हातानं आपलं आपण ठरवावं: असं घडतं. असं घडू शकतं हे जगात आणखी कुणाला ठाऊक नसलं तरी त्याला ठाऊक होतं. उजव्या तळहाताला ठाऊक होतं.

दुपारी घर शांत झाल्यावर त्यानं एक करून पाहिलं. डावा हात बाहीवर, उजवा गादीवर, आणि अंग दोन बोटं वर उचललं. कान तोंडाशी लावता आला असता तर लावला असता. काही आलं नाही. पुन्हा उचललं. पुन्हा काही नाही. तिसऱ्या वेळी खांद्यातून कळ गेली आणि तो थांबला. ऐकायला बसलं की येत नाही, हे त्याला कळत होतं. शब्द यायला भार खराच पाहिजे, पाठ वाकलेली पाहिजे, वर कुणीतरी पाहिजे. तो घामानं भिजून बसून राहिला आणि त्या घामात त्याला एक गोष्ट उलगडली, ती अशी, की तिच्या आजच्या दोन शब्दांना खोटं म्हणायचं तर एकतीस वर्षांपूर्वीच्या दोन शब्दांना खरं म्हणायला कुठला आधार राहत नाही. साक्षीदार एकच. तिनं आज खोटं सांगितलं, तर ती सांगू शकते. मग तेव्हाही सांगितलं. आणि तेव्हा सांगितलं, तर उत्तमराव बोलला नव्हता. आणि ती आज खरं बोलत असेल, तर म्हटलेलं माणसाला कळतच नाही. मग उत्तमरावही म्हणाला असेल, त्याला कळलं नसेल, आणि तो मरेपर्यंत खरंच समजून खोटं बोलत राहिला असेल. म्हणजे भिवाजी सुटत होता. फक्त त्यासाठी आज सकाळी तिचा हात निर्दोष सुटला, हे त्यानं मानायला हवं होतं. सौदा सोपा होता. सोपा होता म्हणूनच त्याला तो खोटा वाटत होता.

आतल्या खोलीत कमलबाई झोपली नव्हती. मधल्या पडद्याखालून तिची पावलं दिसत होती. ती पलंगाच्या कडेला नुसती बसली होती. एकदा तिनं उजवा हात पुढं धरून उघडला आणि मिटला. निदान पडद्यावरची सावली तरी तशी हलली.

चारला दहा मिनिटं कमी असताना पल्लवी आली. जयभीम झाला, हात धुतले. खुर्चीतला भिवाजी पाहून तिचं तोंड बदललं. "काका, कधीपासून बसलात?" भिवाजीनं कमलबाईकडे पाहिलं. आता ती काय सांगते, ते ऐकायला तो सकाळपासून बसला होता. ती सांगणार, आत्ताच बसवलं. त्यावरून तो उरलेलं सगळं ठरवणार होता.

"सकाळधरनं," कमलबाई म्हणाली. "पट्ट्यावरचा माझा हात सुटला. मध्यावर. पाय खाली टेकला त्यांचा. तवापून माझ्या हातानं यायला तयार न्हाईत."

तिनं काहीच ठेवलं नाही. भिवाजीला क्षणभर उघड्यावर आल्यासारखं वाटलं, आणि लगेच दुसरं वाटलं: पोरापासून झाकते आणि पल्लवीला सांगते, दोघींची गट्टी आहे.

पल्लवी खाली बसली. गुडघे एका रेषेत आहेत का पाहिलं, पाऊल बाहेर वळलंय का पाहिलं, बोटं हलवायला लावली, पोटरी दाबली, टाक्यांवरची पट्टी उघडून बघितली. "हात कसा सुटला, मावशी? घाम होता का?"

"न्हाई. ते म्हणले, घेतलं. मोंढ्यात तसं म्हणतेत, म्हंजे आता सोड. म्या ऐकलं, सोडलं. इतक्या सालाची सवय."

"म्या म्हणलो न्हाई," भिवाजी म्हणाला.

हे वाक्य खोलीत पडलं आणि त्याचं त्यालाच ऐकू आलं. आवाज त्याचा होता. चाल जमिनीवर पडलेल्या माणसाची होती. कमलबाईनं मान वर केली. तिनंही ते ओळखलं होतं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि पल्लवीला वाटलं असावं, की नवरा-बायकोचं नेहमीचं आहे.

"कुणी काय म्हटलं ते जाऊ द्या," ती म्हणाली. "आजपासून शब्दावर सोडायचं नाही. पाठ टेकली की सोडायचं. शब्द चुकतो, पाठ चुकत नाही." मग ती ओट्यावर जाऊन नांदेडच्या डॉक्टरांशी बोलली. परत येऊन म्हणाली, की वरून ठीक दिसतंय, पण तारेजवळ काही हललंय का ते फोटोशिवाय सांगता येत नाही. शुक्रवारचा एक्स-रे उद्या अकराला करू, गाडी सांगा आणि रत्नपालदादांना कळवा. "म्याच सांगते त्याला," कमलबाई म्हणाली. कधी, ते म्हणाली नाही.

परत जाताना खुर्ची उलट्या तोंडानं लावावी लागते, म्हणजे चांगला पाय पलंगाकडे येतो. पल्लवीनं तशी लावली. या तोंडानं बसलं की घड्याळ दिसत नव्हतं. समोर नुसती भिंत आणि कपाटाचं दार. दोन्ही ब्रेक ओढले. बाही काढली. फळी मांडीखाली तिसरा हिस्सा. पट्टा आवळून दोन बोटं घालून पाहिली.

"आज मी धरते, काका."

भिवाजीनं तिच्या हातांकडे पाहिलं. पोरीचे हात तरणे होते, शिकलेले होते, त्यांना मागचं काही ठाऊक नव्हतं. त्या हातांनी गेला असता तर तो दोन मिनिटांत पलंगावर असता. आणि मग रोजच्या चार खेपांना कोण? उद्या अकराला? परवा? कमलबाई भिंतीला टेकून उभी होती. तिनं खिडकीकडे पाहिलं नाही.

"तिला धरू दे," तो म्हणाला.

पल्लवी त्याच्या गुडघ्यांसमोर बसली, दोन्ही तळवे त्याच्या गुडघ्यांना लावून. कमलबाई पाठीमागे, पलंगाच्या बाजूनं आली. तिचे हात खालून कड्यांत शिरले. आधी डावा, मग उजवा. पट्टा कमरेत रुतला. पहिली चार बोटं. थांबले. दुसरी चार. फळी गार होती. तिसऱ्या खेपेला तो मध्यावर आला. डावा हात गादीवर, उजवा खुर्चीच्या उरलेल्या बाहीवरून सुटत आलेला. इथंच घडतं ते. भार ना इकडे ना तिकडे, आणि तो धरणारं माणूस मागं, न दिसणारं. त्याला तिचा श्वास मानेवर लागत होता. चौतीस वर्षं खाली वाकणाऱ्यांना हे असंच वाटत असणार, त्याच्या मनात आलं, आणि एकालाही त्यानं कधी विचारलं नव्हतं.

"कमल."

"थांबू नका मधी," पल्लवी म्हणाली. "काका, सरका."

"कमल, तवा ढोल चालू व्हता का?"

पल्लवीनं वर पाहिलं. कोणता ढोल, ते तिला कळायचं कारण नव्हतं. मागं श्वास थांबला. पट्टा सैल झाला नाही; उलट इतका आवळला, की नवारीची कड त्याच्या फासळीखाली बोचली. कमलबाईनं कुठला ढोल, असं विचारलं नाही. कधी, असंही विचारलं नाही.

"पाठ टेकू द्या," ती म्हणाली. "मग सांगते."

पावणेपाच झाले होते, असं पल्लवीनं नंतर तिच्या कागदावर लिहिलं. दोन्ही ब्रेक लागलेले होते. पलंगाच्या कडेपर्यंत अजून आठ बोटं अंतर होतं आणि शब्द निसटू नये म्हणून भिवाजीनं ओठ घट्ट मिटून घेतले होते.